सांताने सांगितलेली गोष्ट खरी होती

मागच्या नाताळात आमच्या आळीतल्या बालवाडीत जो सांताक्लॉज आला होता तो मीच होतो, हे आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. मुलांनी ओळखू नये म्हणून मला चष्मा काढायला लावला होता, तरी मोठ्यांनी दारातच ओळखलं. त्या सांताने मुलांना एक गोष्ट सांगितली. ती ऐकून लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सरांनी खोटं न बोलण्याची किती छान गोष्ट रचली, असं पुढे कितीतरी दिवस माझ्या कानावर येत राहिलं. किराणावाल्याने तर साखर बांधता बांधता ती मलाच परत सांगितली.

ती गोष्ट रचलेली नव्हती. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी काहींना आता ते कळलंय. बाकीच्यांसाठी हे लिहितोय.

महाडमध्ये नदीकडच्या आळ्यांत तळमजल्यावर राहायला कुणी फारसं धजत नाही. दर पावसाळ्यात सावित्री आणि गांधारीचं पाणी कुठवर येईल याचा नेम नसतो. आमच्या घराच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या रेषा आहेत, रंग दिला तरी ओल धरून पुन्हा दिसणाऱ्या. म्हणून आम्ही नवरा-बायको माडीवर राहतो आणि तळमजला बालवाडीला दिलेला आहे. मी हायस्कूलात शिकवून निवृत्त झालो. मोठ्या मुलांची सवय. ही तीन-चार वर्षांची चिमणी पोरं मला सुरुवातीला नुसता गोंगाट वाटायची. त्यांच्या लेखी मी ‘वरचे आजोबा’.

खाली दोघी असत. एक ताई, गावातलीच, शिकवणारी. दुसरी मावशी, मदतनीस. मावशी मूळची वरंधकडची, इथे बौद्धवाडीत दिलेली. मुलांना शी-शूला नेणं, खिचडी शिजवणं, भांडणं सोडवणं, सगळं तिच्याकडे. तिचा आवाज जिन्यातून थेट माझ्या चहाच्या कपापर्यंत यायचा. “अरे ए, तिचा डबा तिला दे रे! तुझा हाय का तो?”

ताईने एक पद्धत पाडली होती. रोज सकाळी मुलं गोल करून बसत, पोटावर हात ठेवून श्वास घेत, आणि मग एकेकाने आपलं मन कसं आहे ते सांगायचं. चांगलं-वाईट असं सांगायचं नाही, शरीरात कुठे काय होतंय ते सांगायचं. “माझ्या पोटात गुडगुड आहे.” “माझ्या छातीत ढोल आहे.” एकदा एक पोरगा म्हणाला, “माझ्या पायांत पळापळ आहे.” तो शब्द मला वर बसल्या बसल्या चिकटला. कुणाचं मन बरं नसेल तर त्याला ‘रडू नको’, ‘काही होत नाही’ असं म्हणायची मनाई होती. फक्त विचारायचं, “बसू का जवळ?” तो हो म्हणाला तर बसायचं, नाही म्हणाला तर नाही.

खोलीच्या एका कोपऱ्यात मावशीने शिवलेली गोधडी होती. प्रत्येक मुलाच्या घरून आईची नाहीतर आजीची जुनी साडी मागवून तिने ती महिनाभर टाचली होती. ज्याचं मन बरं नसेल त्याने त्या गोधडीत जाऊन बसायचं आणि आपल्या घरचा तुकडा शोधायचा. माझ्या बायकोनेही एक लुगडं दिलं होतं. आमचं कुणी खाली शिकत नव्हतं, तरी.

पाऊस सुरू व्हायच्या आधी ताईने मला जिन्यात गाठलं होतं. “सर, पाणी यायची वेळ आली तर मुलांचं सामान तुमच्या माडीवर ठेवू ना?”

“ठेव की. विचारायचं काय त्यात?” मी म्हणालो होतो.

पुराच्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. शाळांना सुट्टी जाहीर झालेली. बायको पोलादपूरला मुलीकडे गेली होती, मी एकटाच होतो. वीज गेली, फोनला रेंज नाही. दुपारी नगरपालिकेचा भोंगा वाजला. मी खिडकीतून पाहिलं, रस्त्यावर घोटाभर पाणी आलं होतं आणि त्या पाण्यातून मावशी येत होती. ताईने तिला पाठवलं होतं. बालवाडीची किल्ली तिच्याकडे असायचीच. माडीवर येणाऱ्या जिन्याचा दरवाजा मात्र आतून माझ्या कडीचा.

“सर! ओ सर! दार उघडा हो. सामान वर घ्यायचाय.”

मी पुढच्या खोलीत उभा होतो. त्या खोलीत आम्ही नुकतीच नवी फरशी घातली होती, भिंतींना रंग दिला होता. मुलाच्या लग्नाची बोलणी चालली होती, पाहुणे यायचे होते. चिखलाचे पाय, ओल्या सतरंज्या, खिचडीचं पातेलं हे सगळं त्या खोलीत येणार, असं माझ्या मनात आलं. मी स्वतःला सांगितलं, पाणी पायरीपर्यंत येईल आणि जाईल. दरवर्षी असंच होतं.

फरशीचं कारण खरं आहे, पण पुरतं नाही. ताई तिच्या पहिल्याच दिवाळीत आमच्या पुढच्या खोलीत बसून चकल्या खाऊन गेली होती. मावशी तिच्या आधीपासून खाली होती आणि ती कधी जिना चढून वर आलेली नव्हती. आम्ही बोलावलं नव्हतं. चहा आम्ही खाली पाठवायचो. मार्चमध्ये चवदार तळ्यावर लोक येतात तेव्हा मी दरवर्षी आमच्या ओट्यावर पाण्याची पिंपं भरून ठेवतो, स्वतः उभा राहून पाणी देतो. त्याचा मला अभिमानही होता. पण ओटा रस्त्याला लागून असतो आणि माडी घरात असते, हा फरक मी त्या दुपारपर्यंत स्वतःला विचारला नव्हता. त्या दुपारीही विचारला नाही. नुसता पडद्यामागे उभा राहिलो.

ती बराच वेळ हाका मारत होती. दार हाताने वाजवत होती. मग आवाज थांबला आणि खालच्या खोलीत टेबलं सरकवल्याचं ऐकू आलं. तिने सगळं सामान टेबलांवर, त्यावर खुर्च्या, खुर्च्यांवर गोधडी असं रचलं आणि मांडीभर पाण्यातून ती परत गेली. मी तिला जाताना पाहिलं.

संध्याकाळपर्यंत पाणी तळमजल्याच्या खिडकीच्या वर गेलं.

पाणी ओसरल्यावर आळीतले सगळे गाळ काढायला लागले. बालवाडीतून पालकांनी चिखल उपसला. खेळणी, चित्रं, सतरंज्या, काही वाचलं नाही. गोधडी तर उचलताना हातात फाटत होती. एक पालक वैतागून म्हणाला, “सामान वर का नाही नेलं वेळेवर?” ताई म्हणाली, “मी मावशीला पाठवलं होतं.” मावशी म्हणाली, “मी आले होते. सरांनी दार नाय उघडलं.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या हातात फावडं होतं.

मी म्हणालो, “मी घरातच होतो. कुणी आलं असतं तर मला कळलं नसतं का? लाईट नव्हती, बेल वाजलीच नाही. हाक तर मी ऐकली नाही.”

हे बोलायला किती सोपं गेलं, याचं मला अजून नवल वाटतं. लोकांना ते पटलं. सर खोटं कशाला बोलतील? मावशी पाण्याला घाबरून घरीच राहिली असेल आणि आता अंगावर येतंय म्हणून सरांचं नाव घेतेय, असं ठरलं. टेबलांवर सामान कुणी रचलं, हा प्रश्न कुणाला पडला नाही. पाण्याने टेबलंच उलटवून टाकली होती. मावशी एकदा माझ्याकडे बघून हसली, म्हणजे हसल्यासारखं काहीतरी केलं, आणि पदर खोचून पुन्हा गाळ उपसायला लागली. पुढच्या महिन्यात बालवाडी चालवणाऱ्या संस्थेने तिला कामावरून कमी केलं. तिच्या जागी दुसरी बाई आली. गणपतीनंतर कळलं की मावशी पोलादपूरला हायवेवरच्या एका खानावळीत भाकऱ्या करते.

त्यानंतर माझं बसणं संपलं. पेपर घेऊन बसलो की दोन ओळींत उठायचो. खालून सकाळी आवाज यायचे, “माझ्या पोटात गुडगुड आहे”, की मी माडीभर चालायला लागायचो. बायको म्हणायची, “बसा की हो एका जागी. नवी फरशी झिजवाल.” तिलाही मी तेच सांगितलं होतं, बेल वाजली नाही म्हणून. मुलीला भेटायच्या निमित्ताने मी एकटाच एसटीने पोलादपूरला गेलो. खानावळीसमोर उभा राहिलो. मावशी आत पाठमोरी भाकरी थापत होती. मी समोरच्या टपरीवर चहा घेतला, तो संपवला नाही, आणि परतीची गाडी पकडली. दिवाळीनंतर पुन्हा गेलो. पुन्हा तसाच आलो.

मुलं मावशीला विसरली नव्हती. नव्या बाईला ती ‘मावशीच्या जागची मावशी’ म्हणत.

डिसेंबरात ताई वर आली. बरोबर एका मुलीची आई होती, सरकारी दवाखान्यातली सिस्टर. ख्रिस्ती कुटुंब, महाडला बदलीवर आलेलं. बालवाडीत ईदला शीरखुर्मा, भीमजयंतीला खीर, तसा नाताळही व्हायचा, आणि या वेळी आळीतल्या सगळ्यांना बोलवायचं ठरलं होतं. प्रत्येक मुलाने कागदाची चांदणी करायची आणि आळीतल्या एका मोठ्या माणसाला हात धरून आणायचं. सांता व्हायचे ते सिस्टरचे मिस्टर, पण त्यांची नेमकी एमआयडीसीत पाळी आली.

“सर, तुम्हीच व्हा,” सिस्टर म्हणाली. “पोट आहे, आवाज आहे. फक्त दाढी कमी पडते, ती आमच्याकडे आहे.”

“आणि हसायला शिकवा त्यांना,” बायको आतून म्हणाली. “नाहीतर हो-हो-हो करायला जातील आणि पोरांना वाटेल सर खेकसले.”

त्या दिवशी तळमजला गच्च भरला होता. न्हावी आला होता, किराणावाल्याची आई आली होती, रिक्षावाले दारात उभे होते. सिस्टरने कुलकुल करून आणले होते, लहान शंखांसारखे गोड तळलेले. मी झगा घालून पडद्याआड घामाघूम बसलो होतो, कारण आधी मुलांचं नाटक होतं. येशूच्या जन्माचं. जोसेफ आणि मरियम दारोदार फिरतात, रात्र झालेली, मरियमला दिवस गेलेले, आणि कुणी जागा देत नाही. ताईने घरमालक झालेल्या मुलांना सांगितलं होतं की जागा का नाही ते तुमचं तुम्ही शोधून सांगा.

जोसेफने पहिल्या पुठ्ठ्याच्या दारावर टकटक केली. “दार उघडा हो!”

“आमची आई झोपलीय!”

दुसरं दार. “दार उघडा हो!”

“आमच्याकडे पाहुणे आलेत! मुंबईचे!”

लोक हसले. तिसरं दार, न्हाव्याचा नातू. जोसेफ थकल्यासारखा ओरडला, “ओ, दार उघडा हो!”

तो नातू पुठ्ठ्याआडून मान काढून म्हणाला, “लाईट नव्हती! बेल वाजलीच नाही!”

सगळी खोली हसली. पुराच्या वेळचं ते सगळ्यांना आठवत होतं; माझं वाक्य घराघरांतून फिरून त्या पोराच्या तोंडी आलं होतं. मी पडद्याआड होतो आणि माझ्या पायांतून काहीतरी वर चढत होतं.

नाटक संपलं, मला बाहेर बोलावलं. मी हो-हो-हो केलं, खाऊ वाटला. मग ताईने मुलांना गोल बसवलं, मलाही मधोमध नाही, त्यांच्यातच. एकेकाने मन सांगितलं. सिस्टरच्या मुलीचं सांगून झालं आणि ती माझ्याकडे वळली. “सांता, तुझं मन कसं आहे?”

“छान आहे,” मी म्हणालो.

“तसं नाही सांगायचं. कुठे काय होतंय ते सांग.”

“पायांत पळापळ आहे,” मी म्हणालो.

“का?”

आणि मी सांगितलं. दाढीच्या आडून. एका गावात पूर आला, मी माडीवर होतो. एक मावशी मुलांचं सामान घेऊन खाली उभी राहिली. मी हाक ऐकली आणि दार उघडलं नाही. नंतर सगळ्यांनी विचारलं तर मी म्हणालो, कुणी आलंच नाही. मग त्या मावशीचं काम गेलं.

सिस्टरच्या मुलीने विचारलं, “बसू का जवळ?” मी मान हलवली. ती सरकून माझ्या झग्याला टेकून बसली. पलीकडचा एक पोरगा मात्र म्हणाला, “मग जा ना, तिला सांग!”

तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. आधी किराणावाला, मग सगळे. मी वर पाहिलं तर सगळे चेहरे खूश; आपल्याच पुरावरून सरांनी गोष्ट रचली, असं त्यांना वाटलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं तेही त्यांना अभिनय वाटला असेल. माझी बायको टाळ्या वाजवत होती. फक्त ताई वाजवत नव्हती.

पांगापांग झाल्यावर ती मला दाढी सोडवायला मदत करत होती. गाठ सुटत नव्हती. मागूनच तिने विचारलं, “सर, गोष्टच होती ना?”

समोर कुणी नव्हतं. तिचा चेहराही मला दिसत नव्हता. याहून सोपी वेळ मला मिळाली नसती.

“गोष्टच,” मी म्हणालो.

पुरातलं खोटं मी घाबरून बोललो, असं एक वेळ म्हणता येईल. हे दुसरं मी टाळ्या ऐकून बोललो.

सुट्टी संपून बालवाडी उघडली तेव्हा सिस्टरची मुलगी जिन्याच्या दरवाजाशी येऊन उभी राहिली. मी खाली उतरत होतो. ती माझ्या पायांकडे बघत म्हणाली, “आजोबा, तुम्ही गेलात का मावशीकडे?”

“मी कशाला?”

“सांताच्या पायात तुमच्या चपला होत्या. अंगठा शिवलेल्या.”

मी तसाच एसटी स्टँडवर गेलो.

खानावळीत जेवणाची गर्दी ओसरली होती. मी आत जाऊन बसलो. मावशीने वळून पाहिलं आणि चेहरा न हलवता विचारलं, “काय देऊ? मच्छी हाय, वांगं हाय.”

“मावशी, त्या दिवशी मी घरात होतो. तुमची हाक मी ऐकली होती.”

“ठाव हाय,” ती पीठ मळत म्हणाली. “पडदा हालला तुमचा. खिडकी बंद, वारा कुठनं येनार?”

“मग तुम्ही हे तेव्हा...”

“बोलले की! ताईला बोलले, त्या पोरांच्या बापांना बोलले. सर खोटं कशाला बोलतील, म्हनाले. आता तुमी सांगा, कशाला बोललात?”

मी फरशीचं सांगितलं. मग थांबलो आणि दुसरंही सांगितलं, ओट्याचं आणि माडीचं. तिने भाकरी तव्यावर टाकली.

“ते मला सांगाया लागत नाय,” ती म्हणाली.

मी माफी मागितली. मला रडू आलं. गल्ल्यावरून मालक ओरडला, “मावशी, गिऱ्हाईक रडवू नका हो, बिल राहील!”

“मिरची लागली त्यांना,” मावशी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, “माझ्याकडनं माफी घेऊन तुमी परत माडीवर जाऊन बसाल. मी हितंच. जिथं खोटं बोललात ना सर, तिथं जाऊन खरं बोला. आता जेवायचं तर जेवा, नायतर टेबल सोडा.”

मी जेवलो.

त्या आठवड्यात पालकांची सभा होती. ताईने मला बोलायला वेळ दिला; सर नाताळच्या गोष्टीबद्दल काही सांगणार असतील, असं लोकांना वाटलं असावं. मी दाढीशिवाय, चष्मा लावून उभा राहिलो आणि तेच सांगितलं, फक्त ‘एका गावात’ असं न म्हणता. हसण्याची तयारी करून बसलेले चेहरे एकेक करून बदलत गेले. टाळ्या झाल्या नाहीत. न्हावी म्हणाला, “जाऊ द्या सर, झालं ते झालं.” दोघा-तिघांनी माना हलवल्या. तेव्हा मला कळलं की माझ्यासाठी सगळं किती पटकन जाऊ दिलं जातं.

“जाऊ कसं द्यायचं?” ताई म्हणाली. “मावशी मला सांगत होती आणि मी तुमच्या तोंडाकडे बघून तिला कमी केलेलं मान्य केलं. आता मी तिच्याकडे कोणत्या तोंडाने जाऊ?” मग ती थेट माझ्याकडे बघून म्हणाली, “आणि मी विचारलं होतं तुम्हाला. दाढी सोडताना.”

बायकोही सभेत मागे बसली होती. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, “माझ्याशीही खोटं?”

ताई पोलादपूरला गेली, संस्थेची माणसं गेली. मावशी लगेच आली नाही. खानावळीवाल्याला तिने महिना भरून दिला, आणि आली ती एक अट घालून: जिन्याच्या दरवाजाची आतली कडी काढायची, कुलूप बाहेरून लावायचं, आणि त्याची एक किल्ली तिच्याकडे राहील. सुतार आला तेव्हा ती त्याच्या शेजारी उभी राहून कडी निघेपर्यंत बघत होती. कडीच्या जागी दारात चार भोकं राहिली आहेत. ती मी बुजवलेली नाहीत.

आता पाऊस जवळ आलाय. परवा, लख्ख ऊन असताना, खालून मावशीचा आवाज आला. “भोंगा वाजला रे! चला, उचला!” मग कुलूप उघडल्याचा आवाज, आणि जिन्यावर पन्नास पायांची धडधड. पोरं सतरंज्या, चित्रं, खुळखुळे घेऊन माझ्या पुढच्या खोलीत घुसली. मावशीने अंगणात आधी मुद्दाम पाणी ओतून ठेवलं होतं. फरशीभर चिखलाचे पाय. मावशी सगळ्यांच्या मागून, काखेत नवी गोधडी, अजून अर्धीच टाचलेली.

“हळू गो! पडशील!” ती ओरडली. मग तिने खोली एकदा सगळीकडून बघितली, पहिल्यांदाच बघत होती, आणि गोधडी खिडकीखाली ठेवली. बायको चहा घेऊन आली.

“खाली पाठवा,” मावशी म्हणाली. “हितं सराव चाललाय.”

बायको तशीच कप घेऊन उभी राहिली. मावशी पोरांना पुन्हा खाली पिटाळायला लागली. तिला दुसऱ्यांदा, याहून लवकर, सगळं वर आणून बघायचं होतं. मी भिंतीशी उभा होतो. कुठे उभं राहावं ते कळत नव्हतं. जिथे उभा राहीन तिथे कुणाच्यातरी वाटेत येत होतो. सिस्टरची मुलगी उतरता उतरता थांबली. पण तिने काही विचारायच्या आत मावशीने तिच्या हातात सतरंजीचं टोक दिलं, आणि दुसरं टोक माझ्या हातात.

“नुसतं बघत काय ऱ्हाताय सर? धरा.”

मी धरलं आणि जिना उतरायला लागलो.